दोन डिस्कांचा सवतीमत्सर

आमच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एरवी दोन माणसं जेमतेम मावतात. त्या दिवशी अकरा उभी होती आणि बाराव्याने खिडकीतून डोकं आत घातलं होतं. टेबलावर कॉम्प्युटरचा डबा उघडा पडला होता. त्याच्यासमोर यंत्रबाबा डोळे मिटून बसले होते आणि त्यांची तांब्याची कांडी डब्यातल्या दोन हार्ड डिस्कांवरून संथपणे फिरत होती.

"जुनी रुसलीय," बाबा म्हणाले. "घरात सवत आली ना! जुनी तिला दिसू देत नाही."

"अगं बाई!" शेजारच्या दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट पुटपुटली. "आमच्याकडे अगदी हेच झालं होतं!"

आमची संस्था अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तकं आवाजात उतरवते. मी तिथली रेकॉर्डिस्ट. जुन्या डिस्कमध्ये नऊ वर्षांची पुस्तकं होती आणि त्यातली निम्मी एका निवृत्त नर्सबाईंनी वाचलेली. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, त्यामुळे ती पुन्हा वाचून घेणं शक्य नव्हतं. महिनाभर ती डिस्क कुरकुरत होती. म्हणून नवी आणली. दोन्ही शेजारी-शेजारी बसवायच्या आणि सगळं हिच्यातून तिच्यात उतरवायचं, एवढा साधा बेत. परीक्षा नऊ दिवसांवर आली होती आणि चाळीस मुलं इतिहासाच्या पुस्तकाची वाट पाहत होती.

दुकानदार येऊन नवी डिस्क बसवून गेला. कॉम्प्युटर सुरू केला, तर नवीचा पत्ताच नाही! बंद केला, चालू केला, केबल काढून घातली, डब्याला एक चापटही मारली. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "वस्तू उत्तम आहे हो. दोष तुमच्या यंत्राच्या लहरींत असणार. माझ्या माहितीतले एक आहेत, पाठवू का?"

तर हे ते माहितीतले.

बाबांनी आता प्रयोग सुरू केला. कॉम्प्युटर सुरू होताना पहिल्या काळ्या पडद्यावर जोडलेल्या डिस्कांची नावं येतात, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाबांनी जुनीची केबल काढली. पडद्यावर नवीचं नाव हजर! गर्दीतून "आहाहा!" उमटलं. जुनी परत जोडली. नवी गायब. असं तीनदा केलं आणि तिन्ही वेळा तेच. खोटं कशाला बोलू, माझेही हात आपोआप जोडले गेले.

बाबांनी खिशातून दोन सोनेरी स्टिकर काढून दोन्ही डिस्कांच्या पाठीवर चिकटवले. "लहरचक्र. याने तात्पुरता दाह थांबेल. मला पैसा नको. फक्त ही दुखावलेली डिस्क माझ्या स्वाधीन करा. अकरा दिवसांत ती शांत होईल."

"आणि तिच्यातली पुस्तकं?" मी विचारलं.

"शांत झालेल्याला मागच्या आठवणी राहत नाहीत, ताई."

मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. मोठ्या बाई म्हणजे आमच्या संस्थाचालिका. निर्णय त्यांचा. "निदान नवी तरी चालेल ना," त्या हताश होऊन म्हणाल्या. बाबांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं.

तेवढ्यात दारातून पांढरी काठी आत आली आणि तिच्यामागून गणिताचे मास्तर. मास्तर जन्मापासून अंध, अंधशाळेत शिकवतात आणि नाकावर कायम राग. मुलांसाठी इतिहासाचं पुस्तक न्यायला आले होते.

"एवढी गर्दी कसली? कुणी गेलं का?"

मी सगळं सांगितलं. मास्तरांनी मान तिरकी करून ऐकलं. "म्हणजे एकेकटी असली की दोघीही नीट चालतात, आणि जोडीने नाही. बरं. दोघींना माझ्या हातात द्या."

"स्पर्श करू नका!" बाबा ओरडले. "लहरी दुखावतील!"

"मला लहरी दिसत नाहीत. त्या तरी माझ्याकडे कशाला बघतायत? पोरी, आधी प्लग काढ."

मी प्लग काढला, दोन्ही डिस्का सोडवल्या आणि त्यांच्या हातांत दिल्या, डाव्या हातात जुनी, उजव्या हातात नवी. मास्तरांची बोटं कडांवरून फिरत मागच्या बाजूला थांबली.

"इथे बारीक सुया आहेत. केबलच्या जागेशेजारी. जोड्या-जोड्यांनी. त्यातल्या एका जोडीवर इवलीशी टोपी घातलीय. जुनीत पहिल्या जोडीवर, नवीतही पहिल्याच. का हो?"

सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं.

"परीक्षा घेत नाहीये. मला खरंच माहीत नाही म्हणून विचारतोय."

"ते... ऊर्जाकेंद्र," बाबा म्हणाले.

"ज्याने ते बनवलं त्याने काहीतरी लिहून ठेवलं असेल. पोरी, पाठीवर काय लिहिलंय?"

"बाबांचा स्टिकर आहे, मास्तर."

"मग खरवड."

"अनर्थ होईल!" बाबा उठलेच. पण माझं नख तोवर आत गेलं होतं. सोनेरी चक्राचे टवके निघाले आणि खालून छापलेली छोटीशी आकृती बाहेर आली. टोपी पहिल्या जोडीवर असेल तर ही डिस्क पहिली. दुसऱ्या जोडीवर असेल तर दुसरी. एका केबलवर दोन डिस्का असतील, तर एक पहिली आणि एक दुसरी ठेवा. बस, इतकंच.

मी मोठ्याने वाचलं. आमच्या एकाच केबलवरच्या दोघीही पहिल्या होत्या! कॉम्प्युटरने हाक मारली की दोघी एकदमच ओ देत होत्या, आणि त्या गोंधळात नवीचं नाव त्याच्यापर्यंत पोहोचतच नव्हतं.

टोपी तांदळाच्या दाण्याएवढी. रिसेप्शनिस्टने धावत जाऊन दवाखान्यातला चिमटा आणला. मी नवीची टोपी एक घर सरकवली, दोन्ही डिस्का जोडल्या, प्लग लावला. काळ्या पडद्यावर एकाखाली एक दोन नावं आली. मला रडूच फुटलं.

"बघा," बाबा घाम पुसत म्हणाले, "लहरींचा परिणाम जरा उशिरा होतो."

"असं होय? मग टोपी परत मागे घाल पोरी. लहरी आहेतच कामाला."

टोपी मागे, नवी गायब. टोपी पुढे, नवी हजर. मग मास्तरांनी कांडी खिडकीतल्या माणसाच्या हातात देऊन त्याला रस्त्यापलीकडे उभं केलं. तरी नवी हजर!

"मग आमची डिस्क?" रिसेप्शनिस्टचा आवाज चढला. "सगळ्या पेशंटचे एक्स-रे होते तिच्यात!"

"ती शांत झाली, ताई."

"कुठल्या दुकानात?" मास्तरांनी विचारलं.

मास्तरांनी अंदाजाने मारलेला खडा होता तो, पण नेमका लागला. बाबा पिशवी टाकून निघाले. रिसेप्शनिस्टने त्यांना जिन्यात गाठलं आणि चारचौघांत सगळं वदवून घेतलं. आमच्याकडे डिस्क बसवणारा दुकानदार त्यांचा सख्खा भाचा. नवी डिस्क कारखान्यातून येतानाच तिची टोपी पहिल्या जोडीवर असते. भाचा ती मुद्दाम तशीच ठेवतो, मामा येऊन सवतीमत्सर काढतात, आणि शांत झालेली जुनी डिस्क पुसून त्याच दुकानाच्या फळीवर विकायला बसते. दवाखान्याची अजून फळीवर होती, पण आतली एक्स-रेची चित्रं गेली ती गेलीच.

आमची पुस्तकं बचावली. संध्याकाळपर्यंत नर्सबाईंचा आवाज एकेका धड्याने नव्या डिस्कमध्ये उतरत होता, आणि दुसऱ्या दिवशी इतिहास चाळीस मुलांच्या कानांत होता.

निघताना मोठ्या बाई गहिवरून मास्तरांसमोर वाकल्याच. "मास्तर, तुम्हाला अंतर्दृष्टी आहे!"

"काही नाहीये!" मास्तर खेकसले. "बोटं आहेत. दहा. तुम्हालाही तेवढीच आहेत. उद्या कांडी द्याल माझ्या हातात!"

वाचकहो, तो सोनेरी स्टिकर बरोबर आकृतीवरच चिकटला होता, आणि आम्ही अकराजण त्यालाच हात जोडून उभे होतो. मी तर रोज हेच यंत्र वापरणारी. म्हणून सांगते. कुणी म्हणालं विचारू नका, वाचू नका, हात लावू नका, तर तिथेच विचारा, तिथेच वाचा आणि नेमका तिथेच हात लावा.

फक्त आधी प्लग काढा.