वडाखालची पाऊस-टाळी

माघातली सकाळ. कोवळ्या उन्हाची हळद गव्हाच्या ओंब्यांवर उतरलेली, वारा निजलेला, आणि शाळेमागचा तो जटाधारी, शतशाख, घनगंभीर वड सावली अंथरून उभा.

"भिंतींनीच मला दोनदा नापास केलं गं," छात्राध्यापिका वैजयंता मैत्रिणींना म्हणाली होती. "आजचा पाठ उघड्यावर आहे. झाडाखाली तर मी डोळे मिटून शिकवीन!"

तिसरा पाठ, शेवटची संधी. हुकला तर शिक्षिका होणं कायमचं राहिलं.

डोळे खरंच मिटले असते तर बरं झालं असतं. तिसरीची बावीस पोरं सतरंजीवर बसली, परीक्षक दांडेगावकर सर खुर्चीत विसावले, आणि तिची नजर वर गेली. फांदीखाली लोंबत होतं आग्या मोहोळ. सुपाएवढं, श्यामल, सजीव. हजार पंखांनी एकच श्वास घेणारं.

जागा बदलली की पाठ रद्द, हा नियम. आणि बरोबर उत्तराला पाऊस-टाळी, ही तिनेच आठवडाभर घोटून घेतलेली सवय: एका बोटाची रिमझिम, पाच बोटांची मुसळधार.

वैजयंता कुजबुजत शिकवू लागली. सावली थरथरली. जगातली ती पहिली शिक्षिका, जी चुकीच्या उत्तरासाठी नवस बोलत होती.

"झाड अन्न कशाच्या मदतीनं बनवतं?"

"उन्हाच्या!" रेणी ओरडली.

बावीस बोटं उठली. वर एक काळी लाट सळसळली.

"चूक," वैजयंता घाईनं म्हणाली.

"अहो बाई, बरोबर आहे ते!" परीक्षकांचं पेन गुणांच्या रकान्यावर घिरट्या घालू लागलं.

"पण बाई, तुमीच सांगितलं व्हतं," रेणीचे डोळे भरले.

त्या भरल्या डोळ्यांत वडाची हिरवी फांदी हलत होती, आणि फांदीवर ते काळं, जागं झालेलं झुंबर. वैजयंतानं टाचणवही मिटली.

"सर, पाठ रद्द करा. पोरांना इथून हलवू द्या." तिने वर बोट केलं.

"देवाला कशाला मध्ये घेता? पोरीनं बरोबर सांगितलं, कौतुक करा! हे असं!"

आणि दांडेगावकर सरांनी, पंचवीस वर्षांच्या अनुभवासह, टाळी वाजवली.

आकाश फाटलं. वडातून वड उडाला. कृष्णवर्ण, कोपाविष्ट, गर्जणारी सावली खाली आली. बावीस पोरांनी आवाज न करता सतरंजी अंगावर ओढली आणि बाईंना पदरासकट आत घेतलं.

"हलू नगा बाई," अंधारात रेणी पुटपुटली. "श्वास बी हळू."

बाहेर गुणगुणणारा, दाहक, सोनेरी काळोख. सतरंजीखाली तेवीस काळजांची रिमझिम.

बऱ्याच वेळानं ऊन पुन्हा हळदीचं झालं. परीक्षक गव्हापलीकडच्या कालव्यात सापडले, गळ्यापर्यंत पाण्यात. गुणपत्रक पुढे वाहून गेलं होतं.