एकाने बघायचं, शेजाऱ्याला सांगायचं

मित्रांनो, मी एक जुनं भिंग आहे. ऑकलंडमधल्या सामोअन बालवाडीत माझा उभा जन्म गेला. माझ्या मुठीला निळी चिकटपट्टी आहे. उइली नावाच्या पोराने मला फरशीवर पाडलं होतं, त्याची ती आठवण.

तिथे भिंग मी एकटंच. म्हणून मालियाबाईंचा नियम होता: एकाने बघायचं, शेजाऱ्याला सांगायचं. त्याच्या शेजारी बसणारी सेफीना एरवी चकार शब्द बोलत नसे. पण मी हातात आलं, की उइलीच्या कानाशी तिची टकळी सुरू.

"अळीला सोळा पाय आहेत."

"थापा मारू नकोस. परत मोज."

मग कोरोना आला आणि बालवाडीला कुलूप लागलं. बाईंनी मला साबणाने खसखसून धुतलं आणि अळी बसलेल्या रोपाच्या कुंडीसकट सेफीनाच्या दारात ठेवलं. लांबूनच तिच्या आईला म्हणाल्या, "मोबाइलवर रोज भेटू. आत्ता कुठे बोलायला लागलीय. पुन्हा मिटली, तर उघडणं जड जाईल."

आणि झालंही तसंच. पडद्यावर उइली हाका मारून थकला. सेफीना मला फोनसमोर धरायची, की झालं. त्याला अळी दिसत होती. मग सांगायचं कशाला?

एका सकाळी अळीचा कोश व्हायला लागला, तिची कातडी फाटू लागली. नेमके तेव्हाच सेफीनाचे आजोबा कोकोचा पेला घेऊन निघाले. आमच्या सामोअन घरांत, बसलेल्यांच्या पुढून जाताना वाकून 'तुलोउ' म्हणायचं, म्हणजे माफी असावी. आता पडद्यातली माणसंही बसलेलीच की! आजोबा एकेकाला 'तुलोउ' म्हणत इतके वाकले, की त्यांचं टक्कल थेट कॅमेऱ्यापुढे आलं आणि तिथेच राहिलं.

"मला नुसतं टक्कल दिसतंय," उइली रडकुंडीला आला. "काय झालं? सांग ना गं."

सेफीनाने मला डोळ्याला लावलं.

"कातडं निघालं," ती म्हणाली. "आतून हिरवं आलंय. वळवळतंय. थांब, सांगते."

आता बालवाडी उघडली आहे. प्रत्येकाला स्वतःचं प्लास्टिकचं भिंग मिळालंय. मी कपाटात पडून असतं. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू? पण काल सेफीनाने आपलं भिंग खिशात टाकलं, मला बाहेर काढलं आणि उइलीला म्हणाली, "सरक. मी बघते, तू ऐक."

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसा, ओरखडे पडू देऊ नका. आणि बघून झालं, की शेजाऱ्याला सांगा. तो वाट बघत असतो.