दोन देव्यांचा बोहाडा

जीवनला वाटलं होतं, आपण गावाचा बोहाडा वाचवला. वाचवला डोंबल!

मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायचा हा उत्सव पेठकडच्या त्या पाड्यात जवळपास संपलाच होता. नाशिकला इंदिरानगरात डिझायनरची नोकरी करणाऱ्या या पोरानं तो पुन्हा उभा केला. जुने मुखवटे कॉम्प्युटरवर उतरवले. संबळाच्या ठोक्यासरशी देवळामागची भिंत लाल होईल असा प्रोजेक्टर लावला. पाहुण्यांच्या सेल्फीसाठी देवीचा हुबेहूब प्लॅस्टिकचा मुखवटाही थ्री-डी प्रिंटरवर छापून ठेवला. गाड्या भरभरून माणसं येऊ लागली.

देवीचं सोंग जीवनच्या बापाच्या, सहादूच्या घराण्याचं, म्हैसासुराचं पाड्यातल्याच संतोषच्या. दरसाल देवी म्हैसासुराला मारते. तो पडला की संबळ थांबतो, देवीही थांबते. मग पडलेल्यावर धोतर टाकून त्याखालीच मुखवटा काढतात. त्या वेळी त्या माणसाचं तोंड कुणी बघायचं नसतं. गेल्या साली जीवननं धोतर बाजूला सारून नेमका तोच फोटो काढला. संतोषचं उघडं, घामेजलेलं तोंड आणि छातीवर देवीचा पाय. चित्र झकास होतं, म्हणून पेठच्या नाक्यावर त्याचं भलंमोठं पोस्टर लागलं. वर्षभर बाजारातली पोरं "पड की रं!" म्हणून संतोषला चिडवत राहिली.

यंदा दिवेलागणीला सहादू देवी होऊन रिंगणात उतरला, आणि समोरून दुसरी देवी आली. तोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा, हातात धार लावलेला कोयता. म्हैसासुराचा मुखवटा देवळाच्या पायरीवर तसाच पडला होता.

"संतोषदादा, काय करतोस!" जीवन ओरडला.

"आज मी नाय पडणार. आज तुझा बा पडंल."

पहिला घाव सहादूच्या दंडावर बसला आणि मांस उघडं पडलं. सहादूच्या अंगात वारं आलेलं. त्यानं आपली बोथट तलवार संतोषच्या बरगड्यांत हाणली. हाड मोडल्याचं जीवनला ऐकू आलं. भिंत लाल होत होती, अंगणही. शहरातले पाहुणे मोबाइल उंचावून टाळ्या पिटत होते. हलकट कुठले! त्यांना वाटलं, हेही डिझाइनच. जीवन घसा फोडून "थांबवा" म्हणाला, तर त्याचंही शूटिंग झालं. गावकरी जागचे हलेनात, कारण नाचत्या सोंगाला हात लावायचा नसतो. तेवढ्यात सहादू गुडघ्यावर आला आणि कोयता पुन्हा वर गेला.

आता बाप मरणार. म्हैसासुर पडल्याशिवाय देवी थांबत नाही, एवढं एकच जीवनला सुचलं. त्यानं पायरीवरचा जड लाकडी मुखवटा तोंडावर चढवला, धावत दोघांच्या मध्ये घुसला आणि आडवा पडला.

संबळ थांबला. सहादूची तलवार थांबली. संतोषनं मात्र उभ्या जन्मात देवी नाचवली नव्हती. त्याला पडणं ठाऊक होतं, थांबणं नाही. कोयता जीवनच्या मानेखाली रुतला.

आपला मुखवटा भिरकावून संतोष त्याच्यापाशी बसला. त्याच्या तोंडावरचं लाकूड त्यानं हलक्या हातानं काढलं आणि खाली कोण आहे ते पाहिलं. जीवन उठायला गेला, पण अंग ऐकेना.

"ऊठ ना रं," संतोष त्याला हलवत रडायला लागला. "आमी उठतो ना दरसाल."