चाफ्याच्या टोप्या

पालेर्मोच्या जुन्या वनस्पती-बागेत लिबोरियो माळ्याने चाळीस वर्षं झाडं राखली आणि थापा मारल्या. दोन्ही सारख्याच निगुतीने. पारंब्यांच्या त्या अजस्र झाडाने एकदा अख्खा पाद्री गिळला, बुंध्याला कान लावलात तर अजून प्रार्थना ऐकू येते, असं तो सांगायचा. माणसं खरंच कान लावायची. काटेरी बुंध्यांची रांग म्हणे सासवांना टेकायला लावलेली.

बायको इन्याझिया मात्र एकाही थापेला फसली नव्हती. "तुझं नाव सोडलं तर तुझ्या तोंडून खरं काही निघत नाही," म्हणायची.

तिच्या गॅलरीत चाफा होता, लग्नात आईने दिलेल्या फांदीचा. पालेर्मोत त्या फांदीशिवाय लेकीची पाठवणी होत नाही. थंडी आली की इन्याझिया अंड्यांची टरफलं जमवून फांद्यांच्या टोकांना टोप्या घालायची. कोंब गारठला की झाड आतून सडतं.

त्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली.

"टोप्या घातल्यास?" रोजचा प्रश्न.

"घातल्या की! एकीला तर झालरही लावली."

घातल्या नव्हत्या. औषधपाण्यात राहून गेलं. फेब्रुवारीत चाफा काळा पडला. खोड दाबलं तर बोट आत गेलं.

लिबोरियोने बागेतलं चाफ्याचं एक वाढलेलं रोप आणलं, तिच्याच कुंडीत लावलं. जूनमध्ये पहिलं फूल आलं, ते तिच्या उशाशी नेलं. तिने बराच वेळ वास घेतला.

"लिंबू," ती म्हणाली. "आईच्या चाफ्याला जर्दाळूचा वास होता."

जन्मात पहिल्यांदा लिबोरियोला थाप सुचेना.

"अरे, सांग ना काहीतरी! म्हातारपणी चाफ्याचा वास बदलतो, असं सांग."

"बदलतो," तो कसाबसा म्हणाला.

"बघ, मानलं मी," ती म्हणाली आणि फूल उशीखाली ठेवलं. आठवड्याने ती गेली.

आता दर डिसेंबरात बागेतल्या चाफ्यांवर टोप्या तोच घालतो. परवा मिलानहून आलेल्या एका बाईने विचारलं, "आजोबा, तुमची झाडं अंडी घालतात की काय?"

"थंडी वाजू नये म्हणून टोप्या घालतो त्यांना. माझी बायको घालायची. मी एकदा विसरलो."

बाई खळखळून हसली. "त्या पाद्र्यावर तर मी विश्वास ठेवला होता, आजोबा! पण ही थाप फारच झाली."

लिबोरियोने वाऱ्याने कलंडलेलं एक टरफल नीट बसवलं.