रामफळावरचं गुळगुळीत घर

मला खोका म्हणू नका, एवढी एक विनंती सुरुवातीलाच करून ठेवतो. शेजारचे भाऊसो म्हणतात, पण ते सहसा कुणाला धड नावानं हाक मारत नाहीत. मी सागवानी घर आहे, दयाळ पक्ष्याचं. कुपवाडातल्या एका परसात, रामफळाच्या झाडावरून बोलतोय.

माझं दार म्हणजे पूर्वेकडचं एक गोल भोक. सकाळी त्यातून ऊन आत येतं आणि मागच्या भिंतीवर त्याची बांगडी पडते. सूर्य वर चढतो तशी ती खाली सरकत जाते. तिच्याकडे बघता बघता माझा डोळा लागतो, आणि डोळा लागला की मला अजून ओल्या वाळूचा गारवा जाणवतो. तो मागच्या जन्माचा आहे.

मागच्या जन्मी मी पंपाचा पॅटर्न होतो. पॅटर्न म्हणजे फाउंड्रीतला लाकडी नमुना. तो वाळूत दाबून बसवायचा, अलगद उचलून घ्यायचा, आणि मागं जी त्याच्या आकाराची पोकळी राहते तिच्यात लोखंडाचा रस ओतायचा. मी वाळूत निजायचो आणि उठायचो. माझ्या अंगावर वाळूचा एक कण चिकटला तरी साचा ढासळायचा. म्हणून मला घडवणाऱ्या चांदसाहेबांनी मला असं घासलं होतं, की हात ठेवला तर हातच पुढं निघून जावा.

साऱ्या कुपवाडात चांदसाहेबांच्या हाताचं नाव होतं. चाळीस वर्षं लाकूड गुळगुळीत करणं एवढंच त्यांनी केलं. खरखरीत काही दिसलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या. अख्तरबी, म्हणजे त्यांच्या बेगम, गमतीनं म्हणायच्या की ह्यांचं चाललं तर हे फणसालाही पॉलिश पेपर मारतील.

पुढं पॅटर्न कॉम्प्युटरच्या मशीनवर निघायला लागले. फाउंड्रीनं आम्हा जुन्यांना जळणात काढलं. चांदसाहेबांनी मला तेवढं वेचून स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं आणि घरी आणलं. माळ्यावर मी चार वर्षं धूळ खात पडलो. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण जळालो नाही, हेही कमी नव्हतं.

मग दीडएक वर्षापूर्वी त्यांनी घराची डागडुजी काढली. मोरीत नवी फरशी बसवायची होती. सांगलीच्या दुकानात चांदसाहेबांनी एकेका फरशीवर हात फिरवला आणि सगळ्यांत चकचकीत होती ती उचलली. "माशी बसली तरी घसरंल बघ," असं त्यांनी मोठ्या कौतुकानं अख्तरबींना सांगितलं, ते मी माळ्यावरून ऐकलं होतं.

माशी काही घसरली नाही. पंधराव्या दिवशी अख्तरबी घसरल्या. खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं, आत सळई बसली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं की आता चालायचं, रोज चालायचं, नाहीतर पाय आखडेल आणि जन्माची खाट धरावी लागेल. हाड जुळून आलं, पण भीती गेली नाही. अख्तरबी जमिनीला पाऊलच लावेनात. मोरीचं नाव काढलं की त्या खाटेची कड घट्ट धरायच्या. मुलगा वसीम मलकापूरला नोकरीला. तो आणि त्याची बायको सुट्टी काढून आले, समजावून गेले. डॉक्टरांनी दिलेला वॉकर भिंतीला टेकून तसाच उभा राहिला.

चांदसाहेब स्वयंपाक करायचे, धुणं धुवायचे, त्यांचे पाय चेपायचे. पण 'फरशी मी निवडली, माझं चुकलं' एवढं काही त्यांच्या तोंडातून निघत नव्हतं. चाळीस वर्षांत ज्याच्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, त्याला चूक कबूल करायची सवय तरी कुठून असणार?

एके सकाळी अख्तरबी परसाकडच्या खिडकीतून बघत म्हणाल्या, "दयाळ आलाय वो. वाईला म्हायेरी आमच्या भिंतीत दरसाल घर करायचा. हितं बिचाऱ्याला भोक कुठं घावायचं?"

चांदसाहेबांनी माळ्याला शिडी लावली आणि मला खाली घेतलं.

एखाद्या सुतारानं तासाभरात ठोकलं असतं ते घर करायला त्यांना आठ दिवस लागले. मला चिरलं, रंधा मारला, सांधे असे जुळवले की केस शिरू नये. मांजराचा पंजा पोचू नये म्हणून मला चांगलं दीड वीत खोल ठेवलं. मग आतून घासायला बसले. आधी जाड कागद, मग बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी लाखेचं पॉलिश. शेजारचे भाऊसो त्याच फाउंड्रीत वाळूचे साचे भरायचे, आता तेही निवृत्त. कुंपणाला रेलून ते हसायला लागले.

"आरं गड्या, खोक्याच्या आत कोन बघनार हाय?"

"पाखरू बघंल की," चांदसाहेब म्हणाले.

मला तर हर्ष झाला. पुन्हा मी आरशासारखा झालो होतो. अख्तरबींच्या खिडकीसमोर मला रामफळावर बांधलं, आणि तिसऱ्याच दिवशी काळापांढरा दयाळ शेपटी उडवत माझ्या छपरावर येऊन बसला. मागून त्याची करड्या रंगाची मादी आली. तिनं आत डोकावून बघितलं, एकदा बाहेर गेली, आणि परत आली ती गवताची काडी घेऊनच.

ते दिवस कसे गेले हे मला नीट सांगता यायचं नाही. आयुष्यभर मी माझ्या आकाराची पोकळी दुसरीकडे सोडून येत होतो. आता पोकळी माझ्या पोटात होती, आणि तिच्यात चार निळसर अंडी. मादी त्यांच्यावर बसायची तेव्हा तिच्या छातीची ऊब माझ्या तळाच्या फळीत उतरायची. पहाटे नर शेंड्यावर शीळ घालायचा. त्या शिळेत मला मी जिथं झाड होतो तिथली पानं हलताना ऐकू यायची. खिडकीत अख्तरबी मादीशी गप्पा मारायच्या. "तुजं बरं हाय बाई, बसून ऱ्हायली तरी कुनी चाल म्हनत न्हाई."

अंडी फुटली. चार उघड्या चोची, मग पिसं, मग एकमेकांना ढकलणं. पंधराव्या दिवशी मादी किडा घेऊन आली, पण आत आली नाही. समोरच्या फांदीवर बसून हाका मारायला लागली. तिचं म्हणणं मला कळलं. आता बाहेर या, असं ती सांगत होती.

थोरल्या पिलानं उडी घेतली. नख्या माझ्या भिंतीला लागल्या आणि सरकन खाली आल्या. त्यानं परत उडी मारली, परत खाली आलं. दुसऱ्यानं मारली, तिसऱ्यानं मारली. दिवसभर माझ्या पोटात तो आवाज चालला होता, नख्या घसरल्याचा आणि गवतावर पडल्याचा. ज्या गुळगुळीतपणाची मी आयुष्यभर ऐट मिरवली तो त्यांच्या मुळावर आला होता. लाकूड असून मला अंगावर एक काटा आणता येईना. संध्याकाळपर्यंत धाकट्यानं मान टाकली, आणि दुसऱ्या सकाळी ते हललं नाही.

बाहेर मादी अजून हाका मारत होती. अख्तरबींनी रात्री भाकरीही नीट खाल्ली नव्हती.

"आवं, पिलं का येत न्हाईत भाईर?"

"येतील की. घाई काय हाय?"

"कालधरनं बोलावतीया ती. आतला आवाज बी कमी झालाय." अख्तरबी चांदसाहेबांकडे वळल्या. "आतनं हात फिरवल्यावर कसं लागतंय वो ते?"

"काचंगत," चांदसाहेब पटकन म्हणाले. त्यांच्या आवाजात अजून अभिमान होता.

"मग काचंवर कोन चढतंय?"

"कामाला नाव ठिवू नगंस. वाईट काम असलं तर सांग. काम चांगलं झालं म्हनून कुनी मरतंय व्हय?"

"नाव न्हाई ठेवत. माज्या पायाला इचारा."

इतक्या महिन्यांत ती गोष्ट पहिल्यांदा त्या घरात उच्चारली गेली. कुंपणापलीकडून भाऊसोंनी सगळं ऐकलं होतं, पण या खेपेला ते हसले नाहीत.

"चांदसाहेब, पॅटर्न वाळूतनं निसटावा म्हनून आपन घासायचो," ते म्हणाले. "ह्या पिलास्नी निसटायचं न्हाई, गड्या. चढायचं हाय."

"आमच्या वाईच्या घाटाला बघा," आतून अख्तरबी म्हणाल्या. "पायऱ्यास्नी टाकीचे घाव हायेत. लहानपनी ओल्या पायानं पळायचो, कवा कुनी पडलं न्हाई."

चांदसाहेबांनी लाकूड तासायची पटाशी आणली. स्टुलावर चढून माझं छप्पर काढलं आणि आधी धाकट्याला बाहेर घेतलं. ते त्यांच्या तळहातावर मावेल एवढंसंच होतं. रामफळाच्या मुळाशी त्यांनी त्याला मूठमाती दिली. मग पटाशी माझ्या आतल्या भिंतीला टेकवली.

पहिला घाव घालायला त्यांना फार वेळ लागला. तीनदा त्यांनी पटाशी टेकवली आणि तीनदा उचलली. मला दुखलं. पॉलिश गेलं, आणि त्याबरोबर माझी सगळी ऐट गेली. पण दुसरा घाव पडला तेव्हा मीच मनात म्हणालो, अजून मारा. तळापासून दारापर्यंत आडवे घाव पडत गेले, भुसा पिलांच्या डोक्यावर पडत राहिला. चांदसाहेबांचं तोंड माझ्या छपराच्या जागी वाकलेलं होतं. तिथंच, अगदी हळू, ते म्हणाले, "चुकलं गं माझं."

ते मला ऐकू आलं. खिडकीपर्यंत पोचलं नाही.

छप्पर लावून ते खाली उतरले आणि घरात गेले. थोड्या वेळानं मोरीतून ठक ठक आवाज यायला लागला. पाटा-वरवंटा झिजला की त्याला टाकी लावतात ना, तशी चांदसाहेब त्या चकचकीत फरशीला टाकी लावत होते. दोन फरश्यांना तडे गेले तरी थांबले नाहीत. दुपार कलली तेव्हा घामानं निथळत ते खाटेपाशी येऊन उभे राहिले.

"फरशी खडबडीत केलीया," ते म्हणाले. "मीच निवडली हुती. माझं चुकलं. माझ्यापायी तुजा पाय मोडला."

पदरानं अख्तरबींनी आधी त्यांचं कपाळ पुसलं, मग स्वतःचे डोळे.

त्या संध्याकाळी थोरलं पिलू घावांत नख्या रोवत वर आलं, दारात क्षणभर टेकलं आणि गेलं. त्याच्या मागून दुसरं गेलं. तिसरं राहिलं. त्याच्यात ताकद नव्हती.

पहाटे फजरच्या नमाजला गेलेले चांदसाहेब ऊन आलं तरी परतले नव्हते. अख्तरबींशिवाय घरात कुणी नव्हतं. पिलू एकटं बारीक चिवचिवत होतं, उन्हाची बांगडी नुकतीच भिंतीवर पडली होती. तेवढ्यात मला घरातून एक वेगळाच आवाज आला. लोखंड फरशीवर टेकल्याचा. मग पाऊल घासल्याचा. मग परत लोखंडाचा. परसात यायचं तर मोरीतूनच यावं लागतं. मोरीशी तो आवाज थांबला, बराच वेळ थांबला. मग पुढं आला.

मागच्या दारात अख्तरबी उभ्या होत्या. वॉकरच्या आधारानं, अनवाणी. एकेक पाऊल टाकत त्या माझ्याखाली आल्या आणि मान वर करून म्हणाल्या, "चढ माय, चढ. आता घसरायचं न्हाई. मी बी आलेच की."

पिलानं पहिल्या घावात नखी रोवली. मग दुसऱ्या.

चांदसाहेब परतले तेव्हा त्यांना खाट रिकामी दिसली. "अगं ए!" त्यांची घाबरी हाक आली आणि मागोमाग ते धावत मागच्या दारात आले. अख्तरबींनी मागं न बघता एक हात वर केला. माझ्या दारात पिलू बसलं होतं, आणि ते उडेपर्यंत दोघांपैकी कुणी हललं नाही.

त्याला आता वर्ष होत आलं. मला बाहेरून पावसानं डाग पडलेत, आतून तर बघण्यासारखं काही उरलं नाही. चांदसाहेबांनी मलकापूरला वसीमच्या बाल्कनीसाठी दुसरं घर करून पाठवलं, तेही आतून ओबडधोबड. अख्तरबी संध्याकाळी माझ्याखाली खुर्ची टाकून बसतात. वॉकर सुटला, काठी आली.

तुमच्याकडे मागणं एवढंच. कुणासाठी घर कराल तेव्हा आतून हात फिरवून बघा. फारच गुळगुळीत लागलं तर थोडं खरवडून ठेवा, कुणाला तरी त्यातून वर चढायचं असतं.

थांबा, दारात अंधारलं. मादी आली आहे, आणि तिच्या चोचीत गवताची काडी आहे. आता मला गप्प बसू द्या.