तेजल चर्चेत उभी राहिली

तेजल टीव्हीवर येणार म्हणून आमची अख्खी वाडी दिवेलागणीलाच विहारात येऊन बसली होती. माझ्या भावाची ही मुलगी. देवरूखच्या कॉलेजात शिकली आणि आता दिल्लीत परराष्ट्र धोरणाचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत आहे. पहिल्यांदाच चर्चेला बोलावलं होतं तिला. मी तर दुपारपासूनच पुढची जागा धरून ठेवली होती!

पण सगळे जमण्याचं खरं कारण वेगळंच होतं. तेजलचा धाकटा भाऊ अभय तेलाच्या जहाजावर स्वयंपाकी आहे. आखातात युद्ध पेटलं आणि जहाज तिकडेच अडकलं. आठवडा झाला, पोराचा फोन नाही. कंपनीचा माणूस सांगतो, सगळे सुखरूप आहेत, पण बाहेर कुणाला पोराचं नाव सांगू नका. सुखरूप आहेत तर फोन का नाही, ते सांग ना मेल्या! माझी वहिनी जाईबाई अन्नाला शिवेना. तिने तेजलला एकच सांगितलं होतं, "पोरांना घरी आणा, येवढं बोल गो बाय." तेजल म्हणाली, "संस्थेने घरचं बोलू नको म्हणून बजावलंय, आई. पण बघते."

चर्चा सुरू झाली. पडद्यावर चार चौकटी. एक निवृत्त लष्करी अधिकारी, एक पक्षाचा प्रवक्ता, एक पांढऱ्या दाढीचे विश्लेषक आणि आमची तेजल, तिच्या खोलीतून, लॅपटॉपसमोर बसलेली. खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, "भारताने घुसावं का?"

मग जो गलका उठला! प्रवक्ता ओरडतो, अधिकारी टेबल आपटतो, निवेदक दोघांच्या वरताण. तेजल तोंड उघडायची आणि कुणी थांबतंय का बघून मिटायची.

"बोल गो, बोल!" मी पडद्यावर खेकसले. "वाट कसली बघतेस?"

"चूक आपली आहे, करुणा," आमच्या वाडीच्या पंचायतीचे अध्यक्ष गंगारामदादा म्हणाले. "आपल्या बैठकीत वाढलेली पोर ती. दुसऱ्याचं संपल्याशिवाय बोलायची नाही."

खरंच की! आमच्या बैठकीत ज्याला बोलायचंय तो उभा राहतो, आणि तो उभा राहिला की बाकीच्यांनी गप्प बसायचं. मग तो शेंबडा पोर का असेना. मी फोन काढला आणि तिला मेसेज टाकला, "उभी राहा!"

पडद्यावर तिची नजर खाली गेली. आणि पोर खरोखर उभी राहिली की हो! डोकं चौकटीबाहेर, दिसतोय नुसता निळा कुर्ता आणि मागची खुर्ची. आम्ही कपाळावर हात मारला. पण निवेदक चपापला. "मॅडम, कुठे चाललात?" बाकीचेही बघत राहिले, काय झालं म्हणून. तेवढ्या शांततेत कुर्त्यातून आवाज आला.

"अर्धा तास झाला, तुम्ही विचारताय घुसावं का. आपली माणसं तिकडे आधीच आहेत. जहाजांवर. त्यांच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. माझा भाऊ अभय त्यांच्यात आहे."

जाईबाईने माझा हात असा दाबला की बांगडी पिचली.

निवेदकाला तर घबाडच मिळालं. "म्हणजे तुमचंही म्हणणं, घुसा आणि ठोका?"

"नाही!" तेजल खाली वाकली, तेव्हा तिचा चेहरा दिसला. लालबुंद झाली होती. "पहिला गोळा त्याच्याच जहाजावर पडेल. दोन्ही बाजूंशी बोला, वाट मोकळी करून घ्या आणि पोरांना घरी आणा."

आम्ही जे ओरडलो! कुणी टाळ्या, कुणी शिट्ट्या. निवेदकाने जाहिराती लावल्या. जाहिराती संपल्या तेव्हा पडद्यावर तीनच चौकटी होत्या. तेजलला काढून टाकलं होतं आणि ते तिघे पुन्हा घुसावं का यावरच भांडत होते. मला असा संताप आला, काय सांगू!

इतक्यात जाईबाईचा फोन वाजला. तेजल होती. मी तो स्पीकरवर टाकला. "आई, मुरुडच्या यमुनाबाईंनी चॅनेलकडून माझा नंबर मिळवलाय. त्यांचा ओमकार अभयच्याच जहाजावर आहे. थांब, जोडून देते."

गंगारामदादांनी टीव्हीची वायरच उपटली.

"अभयची आई का?" पलीकडून घोगरा आवाज आला. "अहो, कंपनीने आम्हालाही गप्प बसवलेलं. ओमकार आज सकाळीच बोलला माझ्याशी. तुमच्या लेकाचा मोबाईल समुद्रात पडलाय आणि त्याला घरचा एकही नंबर पाठ नाही! ओमकारच्या फोनवरून करणार कुणाला? आई चिंतेत असेल म्हणून रोज रडतो हो. कंपनी कुणाचा नंबर देईना, तुम्हाला शोधायचं कसं, तेच आम्हाला कळेना. आज तुमच्या मुलीने नाव घेतलं म्हणून..."

जाईबाई फोनवर वाकली. "जेवतो का तो?" तिने विचारलं.

"त्याच्याच हातचं सगळे जेवतायत, बाई."

जाईबाईने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली. "करुणा, भात आहे का गो तुझ्याकडे? मला भूक लागलीय."