मेंढीच्या नाकासमोर

"आबा, जल्मभर मेंढरामागं चालताव, पर पोचलाव कुठं?"

अक्षदानं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पैज वर्गातल्या आरजूची होती. "आजोबाला एवढं विचारून दाखव, मग तुला मानलं," असं तिनं सगळ्या पोरींसमोर म्हटलं होतं. गॅदरिंगला भाषण ठोकल्यापासून अक्षदा कुणाला भीत नव्हती. मग आजोबांना कशाला भ्यायचं?

लिंबाजी आबांनी तंबाखू मळता मळता नातीकडं पाहिलं. "आज येडशीपस्तोर पोचलाव की," म्हणाले आणि काठी घेऊन उठले.

अक्षदाचे वडील, भागवत, नोकरीला लागले तेव्हापासून आबा, काका आणि सखूकाकू सोडले तर घरातलं कुणी कळपाबरोबर चाललं नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत अक्षदाच हट्टानं निघाली. बेत एवढाच, की सोनारी गाठायची आणि काळभैरवाच्या देवळापुढं झकास फोटो काढायचा. मधली वाट म्हणजे नुसता ताप.

दुसऱ्याच सकाळी तुरीच्या बांधाला एक मेंढी व्याली. ओलंचिंब, लटपटतं कोकरू! अक्षदानं हरखून ते उचललं आणि आपल्या ओढणीनं खसाखसा पुसलं. त्या ओढणीवर दिवाळीचं अत्तर मनसोक्त शिंपडलेलं.

"अगं, ठिव खाली!" सखूकाकू ओरडत धावली.

उशीर झाला होता. मेंढीनं कोकराला हुंगलं, फुरफुरली आणि ढुशी देऊन लांब लोटलं.

"आई वासावर वळखती लेकराला," काकू कपाळाला हात लावून म्हणाली. "तू तर त्येला लग्नाला निघाल्यावानी सजिवलंस!"

मेंढीनं चाटावं म्हणून काकूनं कोकराला मीठ चोळलं, मेंढीचे पाय धरून पाजलं. सोडलं की पुन्हा ढुशी.

"न्हाईच घेतलं तर?" अक्षदाचा आवाज बारीक झाला.

"तर जगत न्हाय," आबा म्हणाले. रागावले नाहीत, तेच तिला जास्त लागलं. "काका बिऱ्हाड घेऊन म्होरं गेलाय, थांबता येत न्हाय. ध्यर त्येला. तिच्या नाकाम्होरं, खाली. आन् चाल."

मग अक्षदा चालली. कमरेत वाकून, कोकरू मेंढीच्या नाकासमोर धरून, उलट्या पावलांनी. भूमकडच्या माळावर कुसळं टोचली, पांदीच्या अरुंद वाटेत दोनदा आपटली. एका वस्तीवरची म्हातारी हसून म्हणाली, "उलटी चालायलीस पोरी, भूतबित हाईस का काय?" "व्हय, भूतच! भाकरी असली तर द्या," अक्षदा म्हणाली, आणि खरंच भाकरी-ठेचा मिळाला. पुढं काय येणार ते तिला दिसतच नव्हतं. दिसत होतं ते मागं पडलेलं सगळं: उन्हात वाफाळणारी, पाणी दिलेली जमीन, पोटऱ्यांपर्यंत आलेली हिरवी ज्वारी, धुळीतून उगवणारी मेंढरांची तोंडं, आणि अगदी जवळ त्या आईच्या पिवळट डोळ्यांतला संशय. सोनारी किती राहिली, हे विचारायचंसुद्धा ती विसरली. अत्तर धुळीनं, घामानं हळूहळू उतरत होतं. एका ओढ्याशी मेंढीनं कोकराची शेपटी हुंगली आणि एकदाच, घाईघाईनं, चाटली. अक्षदाला रडूच फुटलं.

तिसऱ्या मुक्कामाला आई-वडील मोटारसायकलवर आले.

"अवतार बघ हिचा!" आईनं तिच्या केसांतलं कुसळ उपटलं. "चल, गाडीवर सोनारी उरकू आन् सांजंला घरी."

मेंढी कोकराला पाजत होती, पण अक्षदा शेजारी बसलेली असली तरच. ती उठली की ढुशी द्यायला मेंढीचं डोकं खाली जायचं. भागवत कळपाकडंच बघत राहिले.

"काकू बघंल त्येचं," आई म्हणाली.

"वास म्या लावलाय, काकूनं न्हाय." अक्षदानं कोकरू उचललं आणि वडिलांसमोर उभी राहिली. "पप्पा, मम्मी, तुमी जावा सोनारीला. म्या गाडीवर येणार न्हाय. शाळा उघडूस्तोवर म्या ह्यांच्यासंगं चालणार. सोनारी लागली तर लागली."